मोजले गेले, पण लिहिले गेले नाहीत : तलासरीतील एका घराची वंशावळ

१/
इंग्लंडमधील एखाद्या शेतमजुराच्या वंशजाला आपला खापरपणजोबा शोधायचा असेल, तर त्याच्यापुढे दोन वह्या असतात. एक चर्चची, दुसरी जनगणनेची. डहाणू-तलासरीतील एखाद्या वारली घरातल्या मुलीने तोच शोध घ्यायचे ठरवले तर तिच्यापुढे काय असते? ती मुलगी मीच. हा थ्रेड त्या शोधाविषयी.

२/
आधी इंग्लंड. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीला, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवण्याचा आदेश दिला. जनगणना १८०१ पासून सुरू झाली. देशभर माणसांची नावे पद्धतशीर नोंदली जाऊ लागली ती १८४१ पासून. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते आणि जन्माचे पॅरिशही लिहिले जाऊ लागले.

३/
ही शेवटची बाब फार मोलाची. जन्मगाव कळले की त्या गावच्या चर्चची वही उघडायची, की आपण आणखी एक पिढी मागे गेलो. जनगणनेच्या या वह्या तिथे शंभर वर्षांनी सर्वांसाठी खुल्या होतात. १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली. मजूर असो वा जमीनदार, दोघांची नावे तिथे एकाच शाईत आहेत.

४/
त्याच साम्राज्याने आम्हालाही मोजले. १८७२ मध्ये पहिली जनगणना झाली आणि १८८१ मध्ये देशभर एकाच वेळी झालेली पहिली. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये वारल्यांचे वर्णन आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षी ते मी अधाशासारखे वाचले. त्या पानांवर ‘वारली’ भेटतो. माझा पूर्वज भेटत नाही.

५/
याचे कारण साधे आहे. येथील जनगणनेचे ध्येय बेरीज हे होते. १९०१ पासून तर घरोघरच्या याद्यांतील माहिती चिठ्ठ्यांवर उतरवून, त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावून तक्ते बनवले जात. तक्ते छापले गेले. याद्या जपल्या गेल्या नाहीत. पुढे १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तिगत नोंदी पाहण्याची मुभाही ठेवली नाही. आम्ही आकड्यांत आहोत, नावांत नाही.

६/
हा प्रश्न माझ्यासाठी केवळ अभ्यासाचा राहिला नाही. धाकट्या बहिणीच्या प्रवेशासाठी जात पडताळणी करायची होती. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० हा दिवस निर्णायक मानला जातो. त्याच्या आधीचा पुरावा सर्वांत वजनदार. म्हणजे ज्यांचे नाव लिहून ठेवण्याची गरज कुणालाच वाटली नव्हती, त्यांचेच नाव आता कागदावर दाखवायचे होते.

७/
पहिला धागा शाळेत सापडला. जनरल रजिस्टरमध्ये आजोबांच्या थोरल्या भावाचा प्रवेश : १९४९. जातीच्या रकान्यात ‘वारली’. जन्मतारीख १ जून. अनेक घरांतील वडीलधाऱ्यांचा वाढदिवस १ जूनच का, हे इथे उमगते. जन्माचा दाखला नसला की गुरुजी शाळेच्या सोयीची तारीख लिहीत. ती तारीख खोटी, पण त्या शेजारचे वडिलांचे नाव खरे. ते माझे पणजोबा.

८/
दुसरा धागा महसूल दप्तरात. पणजोबा तेथे जमिनीचे मालक नव्हते, कूळ होते. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांमुळे कसणाऱ्याचे नाव लिहिणे भाग पडले. त्याआधी हा मुलूख वेठबिगारीचा. लग्नासाठी कर्ज काढून पत्नीसह सावकाराकडे राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ नाकारली. गोदावरी परुळेकरांनी ही हकिगत सविस्तर लिहून ठेवली आहे. पणजोबांचे नाव दप्तरात येण्यामागे ती सभाही आहे, असे मी मानते.

९/
आता अडचणी. आमच्याकडे वारावरून नावे ठेवण्याची रीत होती : सोमवारचा सोम्या, बुधवारचा बुध्या. एकाच पाड्यावर एकाच नावाचे तिघे निघतात. म्हणून नुसत्या नावावर विसंबू नये. वडिलांचे नाव, पाडा आणि सर्व्हे नंबर ही तिन्ही जुळली तरच तो माणूस आपला.

१०/
दुसरी अडचण सीमांची. तलासरीचा भाग पूर्वी उंबरगाव तालुक्यात होता. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी महाराष्ट्रात राहिली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. आमचे घर जागचे हलले नाही. त्याचा पत्ता मात्र बदलत गेला. आजीचे माहेर तर आज परराज्यात आहे. कागद शोधताना आधी विचारावे : त्या वर्षी हे गाव कोणत्या तालुक्यात होते?

११/
याच जिल्ह्यातील वसईच्या माझ्या ख्रिस्ती मैत्रिणीला तिच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वही मिळते. दुसऱ्या एका मित्राच्या घराण्याची नावे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आहेत. आमच्याकडे अशी वही नव्हती. आमच्याकडे सांगणारी माणसे होती.

१२/
आणि कायद्याने एका ठिकाणी त्यांचे ऐकले आहे. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांतील तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे. तिच्यात वंशावळ आहे आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवलेले कथनही आहे. इतिहासाच्या विद्यार्थिनीला याहून मोठा धडा कोणता? सांगितलेला शब्द नीट लिहून घेतला की तोही दस्तऐवज होतो.

१३/
बहिणीचे प्रमाणपत्र आले. त्या फायलीतील वंशावळीत फक्त पुरुष आहेत. मागणी तेवढीच होती. पणजीचे नाव शाळेत नाही, महसुलात नाही, कुठल्याच कागदावर नाही. महालक्ष्मीच्या जत्रेहून परतलेल्या संध्याकाळी मी आजीला ते विचारले. तिने सासूचे नाव सांगितले, आणि मग म्हणाली, “आजवर कोणी विचारलंच नव्हतं.”

१४/
ते नाव मी वहीत लिहिले. खाली सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहिली. तुम्हीही आज एवढेच करा. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसा आणि आधी बायकांची नावे विचारा. पुरुषांची नावे कधी ना कधी एखाद्या दप्तरात सापडतील. बायकांची तिच्यानंतर कुठे सापडणार?