सावलीत काय लावायचं?

बागकामाच्या विलायती पुस्तकात 'हार्डी' हा शब्द दिसला की ते पुस्तक कुठे छापलंय ते आधी बघावं. आपण त्याचा अर्थ सरळ 'काटक' असा घेतो. तिकडे त्याचा अर्थ एवढाच, की हे झाड थंडीत, बर्फात मरत नाही. उन्हाचं काय, पाण्याचं काय, याबद्दल तो शब्द गप्प असतो. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग एका मशीनवर झालेलं असतं आणि प्रॉडक्शन सर्व्हर भलताच असतो. आमचा सर्व्हर म्हणजे सोलापूर. मे महिन्यात ४२-४३ डिग्री, आणि काळी माती अशी भेगाळलेली की त्यात पेन्सिल उभी राहावी.

आता आयटीवाला माणूस वीकेंडला झाडांवर का लिहितोय, ते सांगतो. माझी ताई इंग्लंडमध्ये असते. तिच्या घराच्या मागे भिंतीच्या सावलीत जेरेनियम लावलेत. आपल्याकडे नर्सरीत कुंडीतलं लाल-गुलाबी 'जेरेनियम' मिळतं ते नव्हे हं. ते खरं तर पेलार्गोनियम, मूळचं दक्षिण आफ्रिकेकडचं. लिनियसने १७५३ मध्ये दोन्ही एकाच नावाखाली घातली, १७८९ मध्ये ती वेगळी केली गेली, पण लोकांच्या तोंडातलं नाव काही बदललं नाही. ताईकडचं म्हणजे खरं जेरेनियम. जमिनीलगत पसरणारं, निळ्या-जांभळ्या फुलांचं. हिवाळ्यात वरून पार वाळून जातं आणि वसंतात मुळापासून परत फुटतं. तिने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "आईच्या मागच्या बोळात हेच लावू या का? सावलीत येतं, दरवर्षी परत उगवतं, फार काही करावं लागत नाही."

तो बोळ म्हणजे सोलापूरच्या घरामागची जेमतेम सहा फूट रुंदीची पट्टी. तिथे बाबांनी लावलेले मोगरे आणि दोन गुलाब होते. बाबा गेल्यानंतर आई रोज संध्याकाळी तिथे स्टूल टाकून बसायची. तांब्याने पाणी घालायचं आणि कमरेएवढ्या भिंतीवरून पलीकडच्या अक्कांशी गप्पा, हा तिचा कार्यक्रम. मग दुसऱ्या बाजूला तीन मजली इमारत उभी राहिली. बोळात आता सकाळचं तासभर ऊन येतं, बाकी दिवसभर सावली. मोगरे नुसतेच लांबत गेले, कळ्या धरेनात. गुलाब तर गेलेच. आणि हळूहळू आईचं तिथं बसणंही थांबलं. मी पुण्याहून फोन केला की मागे टीव्हीचा आवाज. "काय करतेस?" "काही नाही रे, बसलेय." त्यामुळे ताईचा फोटो मी नुसता लाइक करून सोडून दिला नाही.

वाचायला बसलो तर मजाच. या जेरेनियममधल्या सगळ्यात गाजलेल्या जातीचं नाव 'रोझान'. २०१३ मध्ये इंग्लंडच्या चेल्सी फ्लॉवर शोला शंभर वर्षं झाली, तेव्हा लोकांनी मतं देऊन तिला शतकाचं झाड ठरवलं. सापडली सॉमरसेटमधल्या एका जोडप्याच्या बागेत, पण तिचे आई-बाप दोघेही हिमालयातले! एकाच्या जातीच्या नावातच हिमालय आहे, आणि दुसऱ्याला नाव दिलंय नॅथॅनिएल वॉलिच यांचं, जे कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनचे प्रमुख होते. म्हणजे मूळ आपल्याच देशातलं, पण थंड डोंगरातलं. वर्षातले काही महिने थंडीत झोपून काढायची त्यांची सवय. सोलापुरात थंडी म्हणजे संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला स्वेटर घालायचा, संपलं. एवढ्यात त्यांची झोप कशी व्हायची? आणि पुढे मार्च-एप्रिल-मे आ वासून उभेच.

ताईला सगळं कळवलं. ती म्हणाली, "मग सावलीत लावायचं तरी काय?"

याचं उत्तर भिंतीपलीकडून आलं. सोलापुरात कापड गिरण्या आणि मागांच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू कुटुंबं राहतात. अक्कांचं घर त्यातलंच. मी बोळात उभा राहून मोबाइलवर काहीतरी शोधतोय हे बघून त्या म्हणाल्या, "कनकांबरम लाव की रे. त्याला कुठं एवढं ऊन पायजे?"

कनकांबरम म्हणजे आपली अबोली. तीच, जिच्यावरून साडीच्या रंगाला नाव पडलं आणि जिचे गजरे इथून पार दक्षिणेपर्यंत डोक्यात माळले जातात. अडुळसा आणि कोरांटी यांच्या कुळातली. एकदा धरली की वर्षानुवर्षं राहणारी. दुपारचं कडक ऊन तिला नकोच असतं. सकाळचं थोडं ऊन आणि मग सावली, हा आमच्या बोळाचा टाइमटेबल तिला बरोब्बर चालतो. वास नाही, पण फूल खुडल्यावर लवकर कोमेजत नाही, म्हणून तर गजऱ्याला आवडती.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. इंग्लंडातल्या पुस्तकात सावली म्हणजे अडचण असते, मुळातच कमी असलेलं ऊन आणखी कमी. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, उन्हाळ्यात बादल्या मोजून वापरायच्या. अशा ठिकाणी सावलीतली माती उन्हातल्या मातीपेक्षा जास्त वेळ ओल धरते. त्या इमारतीने आमचे मोगरे घालवले हे खरं, पण नकळत एक वेगळी बाग करायची सोयही करून दिली.

तुम्हाला करायचं असेल तर कृती सोपी आहे. काळ्या मातीत पाणी साठून मुळं कुजतात, म्हणून आम्ही पट्टीत थोडी वाळू आणि भरपूर शेणखत मिसळून वाफा जरा उंच केला. अक्कांनी दिलेल्या फांद्यांचे वीतभर तुकडे पावसाळ्यात लावले. वर कडुनिंबाच्या पाल्याचं आच्छादन, त्यामुळे पाणी कमी लागतं. फुलांचे वाळलेले तुरे कापत राहायचं, म्हणजे नवीन येतात. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी हा अबोलीचा नेहमीचा शत्रू, म्हणून कडेला, जिथे जरा जास्त ऊन येतं तिथे झेंडू. बस्स.

थोडे तुरे मात्र बियांसाठी ठेवावेत, कारण खरी गंमत तिथे आहे. जेरेनियम आणि अबोली, दोघंही बी लांब फेकतात. जेरेनियमच्या फळाला बगळ्याच्या चोचीसारखं टोक असतं. ते वाळत आलं की ताण बसून सुटतं आणि गोफणीसारखं बी उडवतं. अबोलीचं बोंड मात्र वाळून नुसतंच थांबतं. त्याच्यावर पाणी पडलं की टप्पकन फुटतं, म्हणून इंग्रजीत तिला फटाक्याचं फूल म्हणतात. म्हणजे ओल आल्याशिवाय ही बी सोडायलाच तयार नाही! पावसाची वाट बघणाऱ्या गावात आणखी कसं वागायचं?

यंदा जूनमधल्या पहिल्या सरीला आईचा फोन आला. पाठीमागे टीव्ही नव्हता, पावसाचा आवाज होता. "ऐक," म्हणाली आणि फोन वाफ्याजवळ धरला. मला काहीच ऐकू आलं नाही, पण मी "हो हो" म्हटलं. अक्कांचं हसणं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

ताई हल्ली तिला विचारत असते, "आई, कायमची इकडेच का येत नाहीस?" मागच्या रविवारी आईने तिला अबोलीची बी पाठवू का विचारलं. ताई म्हणाली, "अगं, इथल्या थंडीत नाही जगायची ती." आई म्हणाली, "मग तुला कळतंय की." आणि गजरा ओवायला घेतला.