एक पोळी राहू दे

नेरुळ, जानेवारीतला रविवार

प्रिय तू,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. "सगळं परत आलं गं, वर दोन किलो व्याजासकट," असं म्हणून तू गप्प झालीस ना, तेव्हा अगदी जवळ घ्यावंसं वाटलं तुला. मग पुढचं ऐकलं. "सोमवारपासून वीस ग्रॅम कार्ब. एक ग्रॅम जास्त नाही." तेव्हा मात्र कान पिळावासा वाटला. तुझे सोमवार मी कॉलेजपासून बघतेय बाई. सोमवारी पहाटे उठून टिपणं काढणारी तू आणि बुधवारी माझी वही मागायला येणारीही तूच. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुला सांगते, माझंही परत आलंय. आईच्या आजारपणाचं ते वर्ष आठवतंय ना तुला? हॉस्पिटलच्या कँटीनमधले वडे, रात्री अकराला गरम केलेली खिचडी, झोपेचं खोबरं. त्या वर्षाचं मला जराही वाईट वाटत नाही. आई हिंडतीफिरती झाली, बास. दिवाळीचा फराळ संपला आणि मी पुन्हा सुरुवात केली, तीही या वेळी फार हळू. तुलाही तेच सांगायला बसलेय.

आधी ते स्वतःला आळशी, चटोर म्हणणं बंद कर. चटोर तू आहेसच, पण वजन परत येण्याचा त्याच्याशी संबंध नाही. तुझ्याच मेलबर्नमध्ये झालेला एक अभ्यास २०११ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला होता. पन्नास लठ्ठ माणसांना दहा आठवडे अगदी मोजकं खायला देऊन त्यांचं वजन उतरवलं आणि वर्षभराने त्यांचं रक्त पुन्हा तपासलं. भूक लावणारं घ्रेलिन अजून चढलेलंच होतं आणि पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन खालीच होतं. वर्ष उलटून गेलं तरी! शरीराला वाटतं की दुष्काळ पडलाय, आणि ते बिचारं आपल्या जिवासाठी साठवायला लागतं. त्याच्याशी कसलं भांडतेस?

आणि भाचीच्या लग्नानंतर काट्यावर उभी राहून रडली होतीस ना, ते बरंचसं पाण्यासाठी रडलीस. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो, आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कार्ब तोडले की तो साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात काटा धाडकन खाली येतो आणि आपण पेढे वाटायला निघतो. चार दिवस मसालेभात-जिलबी झाली की तेवढंच पाणी परत येतं. पाण्याबरोबर मीठही जातं. गेल्या खेपेला तिसऱ्याच रात्री "डोकं फुटतंय, पायात गोळे येतायत" म्हणून तू मला झोपेतून उठवलंस, ते त्यामुळेच. भरपूर पाणी, मीठ घातलेलं ताक, भाज्यांचं सूप यांनी भागतं ते. पण तुला बीपी आहे, तेव्हा मिठाचं डॉक्टरांना विचारूनच.

आता हे नीट वाच, भराभर खाली जाऊ नकोस. पहिल्या वेळी तुला एकही गोळी नव्हती. आता बीपीची आहे, आणि साखरेचीही सुरू झाली म्हणालीस. कुठली, ते मात्र सांगितलं नाहीस. ग्लिमेपिराइडसारखी असेल आणि तू जेवणातले कार्ब एकदम तोडलेस, तर साखर नको इतकी खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी, तर धोका वेगळा आहे. तीवर असताना कार्ब फार कमी केले तर कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो, तोसुद्धा साखरेचा आकडा फारसा चढलेला नसताना. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप, असं काही झालं तर घरी लिंबूपाणी पीत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. वजन उतरायला लागलं की बीपीची गोळीही कमी करावी लागते कधी कधी. हे सगळं आधी डॉक्टरांशी बोलून ठरव, आणि मनाने एकही गोळी बंद करू नकोस. तू हुशार आहेस, पण डॉक्टर नाहीस, एवढं माझ्यासाठी ऐक.

आपल्या सोसायटीतला तो दीक्षित-दिवेकर सामना आठवतो? तू अजून इथेच होतीस. ए विंगमध्ये डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळा जेवण, प्रत्येकी पंचावन्न मिनिटांत. बी विंगमध्ये ऋजुता दिवेकरांचं थोड्या थोड्या वेळाने, आजीच्या पद्धतीचं, तूप लावून. गणपतीच्या महाप्रसादाला दोन्ही पक्ष वेगवेगळ्या रांगेत! आणि तळमजल्यावरच्या काकू मोबाइलवर गजर लावून जेवायच्या, चोपन्नाव्या मिनिटाला श्रीखंडाची वाटी उचलायच्या. मला विचारशील तर दोघांचंही देणं आहे आपल्यावर. दिवेकरांनी तुपाची आणि केळ्याची लाज घालवली. दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांचं सूत्र घराघरांत नेलं, आणि सुरू करायच्या आधी एचबीए१सी आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, ही शिस्त लावली. ती शिस्त मी या वेळी घट्ट धरलीय. बरोबरीने कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिनही करून घेतलं. तूही घे.

कार्ब कमी करणं हे काही आजचं खूळ नाही बरं का. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे अंत्यविधीची व्यवस्था बघणारे गृहस्थ होते. ते इतके जाड झाले होते की बुटाची नाडी बांधता येईना आणि जिना उलटं वळून उतरावा लागे. डॉक्टर हार्वेंनी त्यांचा पाव, साखर, बटाटे, बिअर बंद केलं. उतरलं वजन! त्या आनंदात त्यांनी १८६३ साली लोकांना उद्देशून एक पत्रच छापलं. म्हणजे पत्राने वजन उतरवायची परंपरा जुनी आहे, माझं ऐकायला हरकत नाही.

वीस ग्रॅमचा, त्या कीटोचा, हट्ट मात्र सोड. दिवसाला एकशेतीस ग्रॅमच्या खाली गेलं तरी त्याला लो-कार्ब म्हणतात. माझं शंभरच्या आसपास असतं. एका पोळीत साधारण वीस ग्रॅम धर, वाटीभर भातात चाळीस. सकाळी दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं. दुपारी एक पोळी, मोठी वाटी पालेभाजी, जाडसर उसळ, दही, काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून. रात्री मासे किंवा पनीर, भाजी, आणि वर जवसाची चटणी, नाहीतर पोट साफ होत नाही. भात रविवारी, आणि अगदी आनंदाने. भाकरी मोकळी आहे असं मात्र समजू नकोस, ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठातही सत्तरच्या आसपास कार्ब असतात. अर्धी भाकरी पुरते. तूप, लोणी, चीज यांची चैन करू नकोस. गेल्या वेळी तुझं कोलेस्टेरॉल तिथेच चढलं. ती एक पोळी राहू दे म्हणतेय, ती तुझ्या जिभेपेक्षा तुझ्या घरासाठी. सगळे जेवत असताना तू वेगळं पान मांडून बसलीस की तिसऱ्या आठवड्यात तुला एकटं वाटायला लागतं. मी पाहिलंय तुझं.

आमच्या सासूबाईंची गंमत सांगते. लेक फोनवर कुणाला तरी "आई कीटो करत नाहीये" असं सांगत होती. तर ह्या आतून, "हा किट्टू कोण आणि तो काय करत नाहीये?" समजावून सांगितल्यावर त्यांनी सगळा मामला हातात घेतला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, हे कळल्यापासून संकष्टीला माझ्यापुरती दाण्याची आमटी आणि ताक. खिचडीतला एक चमचा मात्र त्या स्वतः वाढतात, उपास मोडल्यासारखा वाटू नये म्हणून.

मासे दिवाळ्याहूनच आणते, बेलापूरच्या. तिथल्या मासेवाल्या मावशी तुझी चौकशी करतात, "ती भाव करणारी कुठं गेली?" म्हणून. भात कमी केलाय म्हटल्यावर हातातली मांदेली तशीच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "मग कालवण कशात कालवतेस?" मला उत्तरच सुचलं नाही. घरी आल्यावर कोळंबीच्या कालवणात शेवग्याच्या शेंगा आणि दुधी घातला. सोनं झालं गं! पुढच्या रविवारी त्यांना डबा नेऊन दिला.

आणि पोपटी! या आठवड्यात पनवेलकडे जाऊन आलो, आपल्या नेहमीच्याच वाडीत. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये मसाला चोळलेलं चिकन केळीच्या पानात गुंडाळून, अंडी, आणि वरून पुन्हा पाला ठासून. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा-काटक्या पेटवल्या. पाणी नाही, तेलाचा थेंब नाही. मडकं काढलं आणि त्या पाल्याचा तो कडसर, धुरकट वास आला ना, तेव्हा तू हवी होतीस. तुझ्यामुळे आजही तिथे बटाटे आधी मोजून ठेवतात. मी शेंगा, अंडी, चिकन खाल्लं आणि एक रताळं चौघांत वाटून. काही सोडलंय असं क्षणभरही वाटलं नाही मला.

वजन रोज करू नकोस. कंबर मोज, महिन्यातून एकदा, बेंबीच्या जवळ. आपल्याकडच्या बायकांना ऐंशी सेंटिमीटरच्या आत हवी. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय तोच, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! युडकिन मॅरेथॉन धावायचे, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे दार बंद व्हायच्या आत लिफ्ट गाठणं, असं त्यातच लिहिलंय. आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून चरबीचे, हे जगाला पटवून देण्यात याज्ञिकांचं फार मोठं काम आहे.

म्हणून ताकदीचा व्यायाम सोडू नकोस. आपल्या वयात वजन उतरताना स्नायूही जातात, आणि परत येताना बहुतेक चरबीच येते. असं दोन-चारदा वरखाली झालं की जिना चढायला त्राण राहत नाही. मी खुर्चीतून हात न टेकता उठते-बसते, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलते. संध्याकाळी ज्वेल पार्कला चक्कर. फ्लेमिंगो आलेत खाडीत. ते बघायला थांबले की माझं चालणं बोंबलतं, पण असू दे.

मेमध्ये येतेयस ना? वाशीच्या मार्केटात हापूसच्या पहिल्या पेट्या यायला लागतील आता, भाव ऐकूनच मागे फिरावं असे. तू येईपर्यंत ते आपल्या आवाक्यात येतील. तेव्हा आंबा खायचाच. जेवताना, पोळीच्या जागी दोन फोडी, आणि साखर घरच्या यंत्रावर बघत. आंबा सोडून जे किलो उतरणार असतील ते मला नकोत आणि तुलाही मी ते उतरवू देणार नाही.

तोवर डॉक्टरांना भेट, गोळ्यांची नावं मला नीट लिहून कळव आणि रिपोर्टचे फोटो पाठव. जवस आणि कारळं तिकडे मिळतं का तेही सांग. सासूबाई तुझ्यासाठी चटणीचा डबा भरून बसल्यात, येणारं-जाणारं कुणी आहे का ते दर दोन दिवसांनी विचारतात.

तुझीच,
नेरुळवाली