दुतोंड्या मारुतीच्या गावाहून

शिवपुरी, ऋषिकेश. नोव्हेंबर.

आम्ही नाशिककर पुराचं पाणी जोखतो ते गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. कमरेला लागलं, गळ्याशी आलं, की सगळ्या गावाला कळतं. इथे गंगेत तसली खूण नाही. अंगाला लागेल तेव्हाच पाणी कळतं.

आज ‘रोलर कोस्टर’ नावाच्या खळाळात कयाक उलटली. डोकं थेट हिमाच्या पाण्यात, कान बधिर. वल्हं कडेला समांतर धरलं, पातं वर आणलं, कमरेचा झटका दिला. डोकं सर्वांत शेवटी बाहेर काढायचं. आधी उचललं की पुन्हा पाण्याखाली. गंगापूर धरणाच्या संथ पाण्यात हेच घोटून घेतलं होतं. वर आले तेव्हा दोघी मैत्रिणी खडकाआडच्या उलट्या प्रवाहात थांबून माझ्याकडेच बघत होत्या. या खेळात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही राखण.

आमच्याच जिल्ह्यातल्या चांदवडसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करात जाऊन नाव वल्हवायला शिकला आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकपर्यंत गेला. आपल्या पोरांना घराजवळच्या धरणावरच वल्हवणं शिकायला मिळावं, असं फार वाटतं.

उद्या नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या ब्यासीहून कयाकनं खाली उतरायचंय.