शब्दांच्या वहीचा चौथा रकाना

इंग्रजी शब्दसंपदा बहुधा शंभर पानी वहीत साठू लागते. पानावर उभ्या रेघा मारून तीन रकाने पाडायचे: स्पेलिंग, उच्चार, अर्थ. राज्यात २००० च्या जूनपासून इंग्रजी पहिलीपासून आले. त्याआधी जुन्नर-आंबेगावच्या मराठी शाळांत ही वही पाचवीत सुरू होई.

या भागात वहीतला पहिला अवघड शब्द ‘लेपर्ड’ असायला हवा. बिबट्या इथे उसात राहतो, माणिकडोहला त्याचे निवारा केंद्र आहे. मुलाला त्याचा माग ओळखता येतो, इंग्रजी नावातला न उच्चारला जाणारा ‘ओ’ मात्र छळतो. ग्रीक ‘लिओन’ म्हणजे सिंह आणि ‘पार्डोस’ म्हणजे बिबट्या, या दोन शब्दांचा तो जोड. हे एकदा कळले की स्पेलिंग घोकावे लागत नाही. बांधावरच्या मुंगसाने तर उलटा प्रवास केला: ‘माँगूस’ हा शब्द इंग्रजीने मराठीकडूनच घेतला.

महाविद्यालयात शब्द एकेकटे येत नाहीत, कुळाने येतात. खोडदच्या परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. ‘टेलिस्कोप’मधला ग्रीक ‘टेले’ म्हणजे दूर. तोच टेलिफोनात, टेलिव्हिजनमध्ये, टेलिपॅथीत. जुन्नरच्या लेण्यांत यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांचे शिलालेख आहेत. ग्रीक धातू शिकायला याहून चांगली जागा कोणती?

पुढे वही मागे पडते, शब्द थांबत नाहीत. नारायणगावचा द्राक्षबागायतदार खोडाच्या सालीचे कडे काढतो, त्याला ‘गर्डलिंग’ म्हणतो. ‘गर्डल’ म्हणजे कमरपट्टा. निर्यातीच्या मालात ‘रेसिड्यू’ तपासतात. त्या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ मागे बसून राहणे. फवारलेले औषध फळावर राहते ते असेच. हा शेतकरी इंग्रजीत कच्चा आहे, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

खरी अडचण शब्दाच्या शेजाऱ्यांची. जोराचा पाऊस ‘हेवी’, कडक चहा ‘स्ट्राँग’. अदलाबदल केली की वाक्य परके वाटते. सुटा अर्थ पाठ करून हे साधत नाही, वाचनानेच साधते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. घरचा शब्द काढून त्याच्या इंग्रजी छटा पाहायला तो आजही उपयोगी पडतो.

मुलांच्या वहीत एक चौथा रकाना पाडून द्यावा: शब्द कुठे भेटला.