वेबसाईटचे बिऱ्हाड हलवताना

भाड्याची खोली बदललेल्या बाईला विचारा, बिऱ्हाड हलवणे म्हणजे काय असते. पलंग, कपाट, शेगडी सर्वांना दिसते. चार माणसे ती उचलून टेम्पोत टाकतात. पण रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, सासूबाईंचा एकुलता एक फोटो कुठल्या पिशवीत गेला, हे कोणीतरी जातीने पाहावे लागते. हरवायचे ते नेमके तेच हरवते. वेबसाईटचेही असेच आहे, हे मला २०२४ साली कळले.

मी छापखान्यात डीटीपीचे, म्हणजे संगणकावर मराठी मजकूर जुळवण्याचे काम करीत आले. आमच्या मुंबईच्या वस्तीत एक वाचनालय व अभ्यासिका आहे. तिची वेबसाईट वस्तीतल्याच एका होतकरू मुलाने २०१२ साली तयार केली. तीवर अभ्यासिकेच्या सूचना, परीक्षांची माहिती आणि ‘आठवणी’ नावाचा एक विभाग होता. या विभागात वस्तीतल्या आयाबायांनी सांगितलेल्या हकिकती आहेत. कोणी १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडली व मग मुंबईची गाडी धरली. कोणी १९८२ च्या गिरणी संपात नवऱ्याचा पगार थांबला तेव्हा चार घरची धुणीभांडी धरली. बहुतेकींना लिहिता येत नव्हते. त्या सांगत आणि आम्ही उतरवून घेत असू. त्यांपैकी कित्येकजणी आज हयात नाहीत. त्यांच्या आयुष्याची लेखी नोंद म्हणावी तर एवढीच.

मग हलवायची गरज काय पडली? वेबसाईटच्या मागे मजकूर सांभाळणारी एक यंत्रणा असते. लेख कुठे ठेवायचा, फोटो कुठे, कोणाला बदल करू द्यायचा, हे सगळे ती पाहते. आमची वेबसाईट ड्रुपल नावाच्या यंत्रणेच्या सातव्या आवृत्तीवर होती. ही आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली आणि तिला मिळणारा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपणार, हे आधीच जाहीर झाले होते. आधार संपला म्हणजे वेबसाईट त्या दिवशी बंद पडते असे नाही. पण कुलपात खोट सापडली तर ती दुरुस्त करून देणारा राहत नाही, आणि चोराला ते ठाऊक असते. शिवाय सातवीवरून पुढच्या आवृत्तीवर जायचे तर नवी वेबसाईट उभी करून मजकूर तिच्यात न्यावा लागतो. एवीतेवी हलवायचेच, तर वर्डप्रेस घ्यावे असे समितीत ठरले. २००३ पासूनची ही यंत्रणा विनामूल्य आहे, तिच्या सूचना मराठीत मिळतात आणि मोबाईलवरूनही लेख टाकता येतो. यंत्रणा फुकट असली तरी जागेचे भाडे आणि नावाचे वार्षिक शुल्क भरावेच लागते, हेही हिशेबात धरले.

खरा वाद पुढे झाला. ज्याला काम देणार होतो तो म्हणाला, नवा साचा स्वस्तात करून देतो, जुना मजकूर हलवायचे पैसे वेगळे. आमची तरुण मुले म्हणाली, “मावशी, जुनं कोण वाचतं? आपण नव्याने सुरुवात करू.” त्यांचेही चूक नव्हते. वर्गणीचा पैसा किती असतो ते आपण जाणतोच. पण ही बातमी वस्तीत गेली आणि शेजारच्या आजी काठी टेकीत आल्या. म्हणाल्या, “बाई, माझ्या आईचं त्यात राहील ना गं?” आजींना वाचता येत नाही. नातीकडून त्या आपल्या आईची हकिकत वाचून घेतात. त्यानंतर समितीत कोणी ‘जुने टाकून द्या’ म्हणाले नाही. हे काम आम्ही घरच्या माणसांनीच करायचे ठरवले.

यात एक मोठी अडचण होती. जुन्या आठवणी आम्ही छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या होत्या. अशा फॉन्टमध्ये दिसते मराठी, पण संगणकाच्या पोटात साठलेली असतात इंग्रजी अक्षरे व चिन्हे. फॉन्टने त्यांना नुसता मराठी पोशाख घातलेला असतो. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे आणि मोबाईलवर निव्वळ कचरा दिसतो. शोध घेतला तर एक शब्द सापडत नाही. युनिकोडमध्ये तसे नाही. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे. तिच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो जगभर एकच आहे.

एका फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेणारी साधने मिळतात. मात्र मूळ फॉन्ट कोणता हे त्यांना अचूक सांगावे लागते, कारण प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी असते. त्यातून क्रमाचा घोळ असतोच. ‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी ‘व’च्या आधी टाईप होई आणि रफार अक्षर झाल्यावर शेवटी. युनिकोडमध्ये वेलांटी ‘व’च्या नंतर येते आणि रफाराचा ‘र’ ‘थ’च्या आधी. साधनाने हा क्रम उलटवला नाही तर विद्यार्थी ओळखू येत नाही. माणसांच्या नावांचेही तेच होते. म्हणून आम्ही आधी एकच लेख नेऊन पाहिला. तो नीट उतरला, तेव्हा पुढचे घेतले. माझी लेक संगणकावर बसे आणि मी जुना छापील कागद मोठ्याने वाची. सुमारे दोनशे लेख होते. स्वयंपाक आटोपल्यावर रोज रात्री दोन-तीन होत. पावसाळा त्यात गेला.

आणखी काही गोष्टी शिकलो. लेख डेटाबेसमध्ये असतात, तर फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये. बॅकअप घेताना दोन्हींचा घ्यावा लागतो. मजकूर नेताना प्रत्येक लेखाची मूळ तारीख सोबत गेली का, ते पाहावे, नाहीतर सारे लेख एकाच दिवशी लिहिल्यासारखे दिसतात. पानांचे पत्ते बदलले तर लोकांनी एकमेकांना पाठवलेले दुवे मरतात. त्यासाठी जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचे वळण ठेवता येते. ३०१ हा त्याचा क्रमांक. ते आम्ही ठेवले. आजींच्या नातीने जुनाच दुवा दाबला, तर पणजीचे पान मोबाईलवर स्वच्छ मराठीत उघडले. आजींनी ते दोनदा वाचून घेतले.

बंधू-भगिनींनो, तुमच्या मंडळाची, वाचनालयाची किंवा पतपेढीची वेबसाईट असेल, तर येत्या बैठकीत चार प्रश्न विचारा. वेबसाईटचे नाव कोणाच्या नावावर नोंदलेले आहे, संस्थेच्या की एखाद्या व्यक्तीच्या? पासवर्ड किमान दोघांकडे आहेत का? शेवटचा बॅकअप कधी घेतला आणि तो कोणाच्या घरी आहे? मागची यंत्रणा कोणत्या आवृत्तीची आहे व तिचा आधार कधी संपतो? वेबसाईट बनवणारा मुलगा उद्या नोकरीसाठी परगावी जाईल. तो जावाच, त्याची प्रगती व्हावी. पण किल्ली त्याच्या खिशात जाऊ नये. आणि ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांनी त्यांची हकिकत आताच युनिकोडमध्ये टाईप करून ठेवावी. तिचा एक छापील कागदही फाईलला लावावा. आमचे काम त्या कागदांमुळेच पार पडले.