तेरणाकाठचे तेर : पाणी घेताना आणि पाणी सोडताना

धाराशिवच्या ईशान्येस सुमारे वीस किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी तेर वसले आहे. आज ते एक मोठे खेडे आहे. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी ‘तगर’ या नावाने ते सागरापलीकडील व्यापाऱ्यांनाही ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर असल्याची नोंद आहे. येथून साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून दूरच्या भडोच बंदराला जात असे. पुढील काळात शिलाहार राजांनी ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मोठ्या अभिमानाने मिरविले. हे तगर म्हणजेच आजचे तेर, हे जे. एफ. फ्लीट या अभ्यासकाने १९०१ साली साधार मांडले.

गावात फिरताना या वैभवाच्या खुणा पावलोपावली भेटतात. जुन्या वस्तीची पांढरीची टेकाडे आहेत, विटांनी बांधलेले प्राचीन त्रिविक्रम मंदिर आहे, उत्तरेश्वराचे देऊळ आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटांसाठीही तेरची ख्याती आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या मृण्मूर्ती, नाणी, मणी व हस्तिदंती वस्तूंचे संग्रहालय येथे शासनाने जतन केले आहे. नदीकाठी संत गोरोबाकाकांची समाधी आहे. जैन समाजासाठी तर हे अतिशय क्षेत्र होय. भगवान महावीरांचे समवसरण या भूमीवर आले होते, अशी परंपरागत श्रद्धा आहे. मुनी कनकामर यांनी अकराव्या शतकाच्या सुमारास अपभ्रंश भाषेत रचलेल्या ‘करकंडचरिउ’ या काव्यातही हे ‘तेरापूर’ येते. तेरापूरजवळच्या डोंगरात करकंड राजाला पार्श्वनाथांचे लेणे आढळते. मूर्तीपाशी असलेली दगडाची एक गाठ तो फोडवितो आणि आतून पाण्याची धार उसळून सारे लेणे भरून जाते, अशी ती कथा आहे. डॉ. हिरालाल जैन यांनी हे काव्य संपादित करताना त्यातील लेण्यांचा संबंध धाराशिवच्या लेण्यांशी जोडून दाखविला.

कथेतील पाषाणाच्या पोटातले हे पाणी या मुलखाला अपरिचित नाही. मराठवाड्याची भूमी काळ्या कातळाची आहे. हा खडक पाणी फारसे साठवीत नाही. त्याच्या भेगांतून आणि सांध्यांतून ते वाट काढते व विहिरींना पोहोचते. हे वरदान आहे, तसाच धोकाही आहे. वाळूच्या थरातून झिरपताना पाणी जसे गाळले जाते, तसे भेगेतून धावताना गाळले जात नाही. नदीच्या डोहात किंवा परसातल्या खड्ड्यात जे पडेल, ते भेगेच्या वाटेने शेजारच्या विहिरीत उतरू शकते.

तेरणा ही बालाघाटच्या पठारावर उगम पावून आग्नेयेकडे वाहत मांजरेला मिळणारी नदी आहे. हिमालयातील नद्यांप्रमाणे तिला बर्फाचा आधार नाही. चार महिन्यांच्या पावसावर तिचा संसार चालतो. पावसाळ्यातला पूर मळ वाहून नेतो. परंतु दिवाळीनंतर प्रवाह मंदावतो आणि उन्हाळ्यात डोह तेवढे उरतात. अशा वेळी नदीत सोडलेली प्रत्येक बादली तेथेच साचून राहते. गोरोबाकाकांची यात्रा चैत्रात भरते, म्हणजे पाणी जेव्हा सर्वांत कमी असते तेव्हाच माणसांची दाटी सर्वांत अधिक असते. नदीला आपली जत्रा टाळता येत नाही. तिचे भान ठेवणे हे यात्रेकरूंच्याच हाती आहे.

तेरजवळच्या तेरणा धरणाचे पाणी धाराशिव शहराने आपल्या नळांसाठी घेतले. शहर वाढले, ते पाणी अपुरे पडू लागले, तेव्हा दूरच्या उजनी धरणातून जलवाहिनी आणली गेली. उजनीत पाणी येते भीमेचे, आणि भीमेला मुळा-मुठा मिळते ती पुणे व पिंपरी-चिंचवड या महानगरांचे सांडपाणी पोटात घेऊन. म्हणजे धाराशिवच्या गृहिणीच्या घागरीचा संबंध दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या मोरीशी येऊन पोहोचला. इकडे तेरणेचे पाणी पुढे माकणीच्या निम्न तेरणा धरणात साठते आणि त्यावर खालची गावे विसंबून असतात. वरच्या गावाचे सांडपाणी ते खालच्या गावाचे पिण्याचे पाणी, हा नदीचा व्यवहार आहे. पुण्याकडे बोट दाखविताना धाराशिवकराने आणि तेरकराने आपल्या खालच्या गावाचीही आठवण ठेवली पाहिजे.

हा व्यवहार आकड्यांत मांडून पाहण्याजोगा आहे. शहरात दरडोई रोज १३५ लिटर पाणी पुरवावे, असे प्रमाण धरले जाते. त्यातील साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. पाच माणसांच्या कुटुंबाचे रोजचे सांडपाणी असे ५४० लिटर होते. वर्षाचे जवळजवळ दोन लाख लिटर. आता २०१६ चा एप्रिल आठवावा. मांजरा कोरडी पडली आणि मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी धावली. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणले आणि त्याची वार्ता साऱ्या देशात झाली. ते सारे पाणी म्हणजे अडीच कुटुंबांचे एका वर्षाचे सांडपाणी! जे पाणी रेल्वेने आणावे लागते, तेवढेच पाणी आपण हिशेब न ठेवता नासवून टाकीत असतो.

पाण्याचा हिशेब ठेवण्याची शिकवण जैन घराला नवी नाही. पाणी गाळून पिणे ही श्रावकाची ओळखच मानली गेली आहे. जाड दुहेरी वस्त्रातून पाणी गाळावे, गाळलेले पाणी दोन घटका म्हणजे ४८ मिनिटांपर्यंतच वापरावे, त्यानंतर पुन्हा गाळावे, हे नियम अनेक घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना आजही तोंडपाठ आहेत. या आचाराला आधुनिक शास्त्राचीही साक्ष मिळाली आहे. रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळण्याचा प्रयोग केला. त्या खेड्यांत पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात, हे त्यामागचे कारण होते.

परंतु गाळण्याचा विधी वस्त्राशी संपत नाही. गाळणात राहिलेले जीव गाळलेल्या पाण्याने हळुवार धुऊन, ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत परत पोहोचवावेत, अशी आज्ञा आहे. यालाच जिवाणी म्हणतात. ती वरून ओतायची नाही. कडीच्या बादलीने पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत नेऊन सोडायची. या नियमामागचा विवेक थोर आहे. पाणी घेताना जेवढी काळजी घ्यायची, तेवढीच परत सोडतानाही घ्यायची. आणि ज्याच्याकडून घेतले त्याला अपाय होईल असे काही परत द्यायचे नाही. नळ आले, विहिरी विस्मरणात गेल्या आणि या आचाराचा पूर्वार्ध तेवढा उरला. गाळणे राहिले, जिवाणी गेली. तिच्या जागी साबणाचा फेस, खरकटे आणि फरशी धुण्याची रसायने नाल्यात जाऊ लागली. पाणी गाळून पिणारे घरच सांडपाणी तसेच सोडू लागले, तर नदीतील असंख्य जीवांच्या बाबतीत त्या गाळण्याला कितीसा अर्थ उरतो?

शिवाय वस्त्राला मर्यादा आहे. जे पाण्यात विरघळले, ते कोणत्याही मलमलीने अडत नाही. शेतातील जादा युरिया आणि संडासाच्या खड्ड्यांतील झिरपा यांमुळे विहिरीत नायट्रेट वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. त्याहून वाढल्यास वरच्या दुधावरील तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. त्याला रंग नाही, वास नाही. उकळूनही ते जात नाही. विरघळणारा दोष उगमाशीच रोखावा लागतो.

उगमाशी रोखणे स्वस्त पडते, हे न्यूयॉर्कसारख्या महानगरानेही ओळखले. त्या शहराचे बहुतांश पाणी कॅटस्किल व डेलावेअर या डोंगराळ खोऱ्यांतून येते. तेथील ओढे ट्राउट माशासाठी नावाजलेले आहेत. या माशाला थंड, नितळ आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाणी बिघडू लागले की तो आधी नाहीसा होतो. म्हणून त्याचे असणे हाच तेथे पाण्याच्या शुद्धतेचा पुरावा मानतात. गाळणी केंद्र उभारायचे, तर सहा ते आठ अब्ज डॉलर खर्च येईल असा अंदाज निघाला. त्याऐवजी १९९७ साली शहराने वरच्या गावांशी करार केला. त्यांच्या मैलापाण्याची व्यवस्था, शेतकऱ्यांना साहाय्य आणि जमिनीचे रक्षण यांवर सुमारे दीड अब्ज डॉलर खर्च करण्याचे ठरले. खालच्या शहराने वरच्या खेड्यांचा खर्च उचलला, आणि तोच त्याला फायद्याचा ठरला. व्यापारी घराला हा हिशेब उलगडून सांगावा लागणार नाही.

तेरणेत ट्राउट नाही आणि असण्याचे कारणही नाही. तिच्या डोहातील बेडूक, कासव, चतुराच्या अळ्या आणि काठावर येणारे पक्षी हेच येथले साक्षीदार आहेत. मात्र डोळ्यांच्या साक्षीवर थांबू नये. तेरचे गोरोबाकाका थापटण्याने मडके वाजवून कच्चे की पक्के ते पारखीत. संतमेळ्यात त्यांनी संतांची डोकीही तशीच पारखली, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. वरून चांगले दिसते म्हणून त्यांनी मडके पक्के मानले नाही. पाण्यालाही अशी पारख हवी. मंदिराची, धर्मशाळेची, घरची विहीर वा विंधन विहीर यांचे पाणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर शासकीय प्रयोगशाळेत तपासून घेता येते. मैलाजन्य जंतू, नायट्रेट आणि क्षार या तीन गोष्टी कळल्या तरी पुष्कळ कळते. नदीत घाण सोडण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदा १९७४ पासून अस्तित्वात आहे. पण घराघरातील मोरीवर कायद्याचा पहारा बसू शकत नाही. तेथे आचारच लागतो.

आचाराचे साधन साधे आहे. सातवाहनकालीन नगरांच्या उत्खननांत भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेले शोषखड्डे आढळतात. त्या काळचा गृहस्थ सांडपाणी आपल्याच आवारात जिरवीत असे. आपल्या काळात नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले. उघडी गटारे नाहीशी झाली आणि डासांचा उपद्रवही हटला. स्नानाचे व स्वयंपाकघराचे पाणी अशा खड्ड्यात सोडावे. तोंडाशी खरकटे अडविणारी जाळी असावी. विहीर किमान पंधरा मीटर दूर असावी. काळ्या चिकण मातीत पाणी जिरत नाही, म्हणून मुरुमापर्यंत खोदावे. संडासाचे पाणी मात्र त्यात कदापि सोडू नये.

याखेरीज व्यापारी कुटुंबांवर आणखी एक जबाबदारी येते. तेरणेच्या खोऱ्यातील खत, कीटकनाशक, साबण आणि प्लॅस्टिक यांची विक्री बहुतांशी गावोगावच्या पेढ्यांवरूनच होते. शेतकरी खताची मात्रा कित्येकदा दुकानदाराला विचारूनच ठरवितो. ‘माती तपासून घ्या, एवढे लागणार नाही’ असे सांगणाऱ्या दुकानदाराची दोन पोती कमी खपतील, हे खरे. पण तो विहिरीत विरघळणारा दोष उगमाशीच रोखतो, आणि ते काम जगातील कोणतेही गाळण करू शकत नाही. अहिंसा स्वयंपाकघरात पाळणे तुलनेने सोपे आहे. गल्ल्यावर बसून पाळणे अवघड.

एके काळी तेरची मलमल भडोचमार्गे दूर देशी जात होती. तिच्यासारख्याच वस्त्रातून येथल्या श्रावकांच्या कित्येक पिढ्यांनी पाणी गाळले. त्या आचाराचा उत्तरार्ध आता पुन्हा उचलायचा आहे. नदीकडून जे घेतले, ते तिच्यातील जीव सुखरूप राहतील अशा रीतीने परत करणे, हीच तेरणेची जिवाणी होय.