चोराचे प्रेम आणि क्षमा

आलेस्सान्द्रो ब्लासेत्ती यांच्या ‘पेक्कातो के सिया उना कनालिया’ (१९५४) या इटालियन सुखात्मिकेत टॅक्सीचालक पाओलो, त्याच्याच गाडीवर डोळा ठेवणाऱ्या लीनाच्या प्रेमात पडतो. तिचे सारे घरच चोरांचे. तरीही प्रेक्षक त्यांना हसत क्षमा करतो. देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’तून मराठी रंगभूमीला परिचित झालेला शर्विलकही दासी मदनिकेच्या मुक्ततेसाठीच चारुदत्ताचे घर फोडतो, आणि वसंतसेना सारे जाणूनही मदनिका त्याच्या हाती देते. अर्थात शर्विलक विद्वान ब्राह्मण आहे. भिंत मापायला तो जानवे वापरतो. मग ही क्षमा नेमकी कोणाच्या वाट्याला येते?

धरणगावच्या इतिहासाच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम यांनी उभारलेल्या भिल्ल पलटणीचे ठाणे येथेच होते. वसाहतकालीन दप्तराने ज्यांना सरसकट लुटारू म्हटले, त्यांच्यातूनच ही पलटण घडविली गेली. त्या नोंदींत जमात दिसते, माणूस दिसत नाही. म्हणून त्यांतला कोणी कोणाचा प्रियकर होता, हेही कळत नाही. सुखात्मिका चोराला आधी नाव, घर आणि प्रेयसी देते. क्षमा त्यानंतर येते. चौर्याला ‘कला’ म्हणणाऱ्या समीक्षेने हा क्रम विसरता कामा नये.